लिंबू, दोन मिरच्या आणि सर्वोच्च बिंदू

लिंबू, पिवळे, मध्यम आकाराचे, नग एक. रस गळत असलेले.

*

‘वस्तू सरळ वर फेकली असता सर्वोच्च बिंदूशी तिचा वेग शून्य होतो. त्वरण मात्र’ आणि पुढचं पान कुणीतरी फाडून नेलेलं.

*

आमच्या गच्चीच्या कठड्यापासून शेजारच्या गव्हाणीपर्यंत सरळ खाली साडेचौदा फूट. हे माप पोलिसांनी घेतलंय, मी नाही.

*

धोंडुआक्काची म्हैस धारेला उभी असली की गल्लीत कुणी प्रेशर कुकरसुद्धा लावत नसे.

*

घरात बटाटे होते. दोन किलो.

*

चौकीतल्या गुंडू हवालदारांचं अक्षर इतकं सुरेख होतं, की स्वतःविरुद्धची तक्रार वाचतानाही माणसाला बरं वाटावं.

वेग वर, त्वरण खाली

मी राजशेखर, पाटबंधारे खात्यात लिपिक. माझी बायको शिवगंगा मुलींच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस होती. सहा वर्षं हंगामी. आमच्या जिल्ह्यात उसाचा हंगाम सहा महिन्यांत आटपतो. हिचा सहा वर्षं चालला होता. नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत ती जागा अखेर कायम व्हायची वेळ आली आणि संस्थेचे चेअरमन बसाप्पा अण्णा यांनी जाहीर केलं, की उमेदवारानं समितीपुढं घरगुती वस्तू घेऊन दहा मिनिटांत एक प्रयोग करून दाखवायचा. बुधवारी अकराला. उमेदवार दोन. एक शिवगंगा, दुसरा सेक्रेटरींचा भाचा. भाच्याचं शिक्षण किती हे मला माहीत नव्हतं. तो सेक्रेटरींचा भाचा होता, एवढी पात्रता मला घाम फोडायला पुरेशी होती. ही जागा त्याला गेली की पुढची तीस वर्षं गेलीच, आणि शिवगंगा त्याच्या हाताखाली परीक्षानळ्या विसळत बसणार.

तिनं विषय निवडला तो सरळ वर फेकलेल्या वस्तूचा. तिचा वेग कुठल्या दिशेला आणि त्वरण कुठल्या दिशेला.

“हा कसला विषय?” मी म्हणालो. “भाच्यासारखा ज्वालामुखी कर. फेस येतो. समित्यांना फेस आवडतो.”

“दरवर्षी पोरी इथंच चुकतात,” ती म्हणाली. “वस्तू टोकाला गेली की वेग शून्य, इथवर बरोबर लिहितात. मग लिहितात, त्वरण पण शून्य. थांबली ना, म्हणजे सगळंच थांबलं. पण तसं नसतं हो. वर जाताना, टोकावर, खाली येताना, त्वरण आपलं खालीच. हातातून सुटल्यापासून पृथ्वी तिला खालीच ओढत असते. एक क्षण सोडत नाही.”

मला हे पटलं नाही. पण सरकारी नोकरीत न पटलेल्या कागदावर सही करायची सवय होते, त्यामुळं मी मान डोलावली.

दिशा दाखवायला बाण हवे होते. कागदाचे बाण मागच्या खुर्चीवरून दिसले नसते. शिवगंगानं भाजीच्या टोपलीत हात घातला आणि एक हिरवी मिरची काढली. तिला टोक होतंच. “ही वेग,” ती म्हणाली. मग डब्यातून एक लाल मिरची. “हे त्वरण. टाचणीनं टोचायच्या. टोक जिकडं, तिकडं दिशा. आणि वस्तू म्हणून बटाटा घेते.”

इथं मी हस्तक्षेप केला. आयुष्यात मी मोजकेच हस्तक्षेप केले आहेत आणि त्यांतला प्रत्येक मला तारखेसकट आठवतो. मी म्हणालो, बटाटा मातकट दिसतो. अण्णा गुळाचे अडते, त्यांचा डोळा पिवळ्या रंगाला सरावलेला. लिंबू घे.

शिवगंगा माझ्याकडं बघत राहिली. “लिंबू, मिरच्या आणि टाचण्या?”

“हो.”

“नक्की?”

“विज्ञानात वस्तूला जात नसते,” मी म्हणालो.

या ठिकाणी निम्म्या वाचकांनी कपाळाला हात लावला असेल. त्यांना पुढचं सगळं दिसतंय. मला दिसलं नाही, कारण मी सुशिक्षित होतो.

तालीम घरातच सुरू झाली. पहिलं लिंबू मी स्वयंपाकघरात उडवलं, ते ट्यूबलाइटला लागलं. दुसरं पंख्याला लागलं आणि त्याची लाल मिरची कुठं उडाली ते काही केल्या कळेना. संक्रांत होऊन तीनच दिवस झाले होते. मिरची तिळगुळाच्या डब्यात गेली होती, आणि डबा गेला आमच्या साहेबांच्या घरी. साहेब पुढं आठ दिवस गोड बोलले नाहीत.

“तुमच्या हातात काही राहत नाही,” शिवगंगा म्हणाली. हे खरं आहे. शाळेत क्रिकेट खेळताना मला क्षेत्ररक्षणाला उभं करायचे ते सीमारेषेच्या पलीकडं, चपला सांभाळायला.

म्हणून गच्चीवर जायचं ठरलं. मोकळं आभाळ, वर पंखा नाही. रविवार होता, दिवस मावळत होता, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात एक भरीव काळं वर्तुळ छापलेलं होतं. कॅलेंडर आमच्याकडं फक्त दुधाचे खाडे मांडायला वापरत.

वेग शून्य, त्वरण खाली

लिंबू वर गेलं. फार सुरेख गेलं, हे सांगायलाच हवं. पाण्याच्या टाकीच्या वर, केबलच्या तारेच्या वर, आणि तिथं ते थांबलं. एक क्षण ते वर जात नव्हतं आणि खालीही येत नव्हतं. मावळतीच्या उजेडात दोन मिरच्या लावलेलं ते लिंबू बघून मला वाटलं, जमलं सगळं. शिवगंगा कायम. भाचा आपला फेस घेऊन घरी. मी एका कायम बाईचा नवरा म्हणून मंगळवार पेठेतून ताठ मानेनं चाललोय.

वेग शून्य होता. त्वरण त्याही क्षणी अगदी पुरेपूर होतं, पण ते मला नंतर समजलं.

वेग खाली, त्वरण खाली

लिंबू माझ्या बोटांना चाटून गेलं, कठड्यावर आपटलं आणि शेजारच्या गोठ्यात, बरोबर गव्हाणीत, धार चालू असलेल्या म्हशीच्या नाकासमोर पडलं. म्हशीनं ते हुंगलं. मिरचीचं टोक नाकात गेलं. तिनं लाथ मारली ती थेट बादलीला. चार लिटर दूध गटाराला लागलं.

“कुणी टाकलं रं ह्ये?” धोंडुआक्काचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना एकदम पोहोचला. “दिवस बुडताना, आमुशेला! लिंबू, मिरच्या, वर टाचण्या मारल्यात बघा! माझ्या म्हशीवर कुणाचा डोळा हाय?”

मी कठड्यावरून वाकलो. “आक्का, माझ्या हातून सुटलं.”

“तुज्या? राजू, तुज्या? अरं, ह्याच म्हशीच्या आजीचं दूध पिऊन मोठा झालास की तू!”

“करणी नाही आक्का, प्रयोग आहे. वर टाकलं होतं, खाली आलं.”

“करणी दुसरी काय असती रं? अशीच येती की, वरनं! मास्तरीण कुठं हाय?”

“ती खाली. स्वयंपाकात.”

“तिला तरी ठावं हाय का तुझं ह्ये धंदं?”

पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. आमच्या गल्लीत सल्ला मागावा लागत नाही, नळाच्या पाण्यापेक्षा तो नियमित येतो. एकानं सांगितलं, चौकात नारळ फोडा. दुसऱ्यानं सांगितलं, म्हैस आठ दिवस माहेरी पाठवा. म्हणजे शिरोळला, जिथून तिची आजी विकत आणली होती. तिसरा जरा अभ्यासू होता. तो म्हणाला, “वरनं खाली आलंय न्हवं? मग दुसरं एक खालनं वर टाका, उतरंल.” मी त्याला सांगितलं, की पहिलंही खालूनच वर टाकलं होतं. त्यावर तो दोन पावलं मागं सरकला.

सोमवारी सकाळी मी चौकीत होतो. गुंडू हवालदारांनी टाक झटकला.

“पावणं, लिंबू वर कशापायी टाकलं?”

“खाली कसं येतं ते बघायला.”

“न्हाय आलं असतं तर?”

त्यांनी लिहिलं, ‘आरोपी निरुत्तर.’

“हेतू?”

“वेग आणि त्वरण यांच्या दिशा दाखवणे.”

“वेग कुठल्या दिशेला हुता?”

“वर.”

“आणि त्वरण?”

“खाली.”

त्यांनी टाक खाली ठेवला. “एका टायमाला एकच लिंबू वर पण आणि खाली पण? जबाबात विसंगती हाय, साहेब.”

मी सायकलचं उदाहरण दिलं. सायकल पुढं जात असते, तेव्हा ब्रेक तिला मागं ओढतो. दिशा दोन, सायकल एक. हवालदारांनी विचार केला. म्हणाले, “म्हंजी सासुरवाडीला निघाल्यागत. पाय पुढं, जीव मागं.” इतकं चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकातही नाही. पण जबाबात त्यांनी ते घेतलं नाही. जबाब असा झाला:

‘सदर लिंबू माझ्या हातून सुटून फिर्यादीच्या गव्हाणीत पडले. लिंबास दोन मिरच्या, पैकी हिरवी एक, लाल एक, टाचण्यांनी टोचलेल्या. उंची साडेचौदा फूट. म्हैस बिथरली. लिंबू जप्त.’

लिंबू वर्तमानपत्रात गुंडाळून, लाख लावून, कपाटात गेलं. मी सही केली. खालच्या दिशेला.

दुपारी शिवगंगाला चेअरमनांचं पत्र आलं. आपल्या पतीविरुद्ध करणीसदृश तक्रार असल्याचे समजते. बुधवारी दहापर्यंत तक्रार निकाली निघाल्याचा चौकीचा दाखला सादर करावा, अन्यथा प्रयोगास बसू नये.

‘सदृश’ हा शब्द मला फार लागला. माणसानं करणी करावी किंवा करू नये. करणीसदृश माणूस म्हणून जगणं कठीण आहे.

“निकाली काढाय काय, आत्ता काढतो,” हवालदार म्हणाले. “पण म्हस पूर्ववत झाली, असं फिर्यादीनं म्हणाय पायजे. आणि ते मला डोळ्यांनी बघाय पायजे.”

मंगळवारी सकाळी सहाला ते गोठ्यासमोर हजर झाले, घरून पितळी पेला घेऊन. धोंडुआक्का धारेला बसली. म्हशीनं नेहमीइतकं दूध दिलं, वर अर्धा लिटर जास्तच. हवालदारांनी फेसाळ दुधाचा एक पेला उभ्यानं घेतला, मिशी पुसली, खात्रीसाठी दुसरा घेतला, आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आक्का म्हणाली, “म्या राती उतारा केला म्हणून सुटली बरं का. ह्येच्या शाळंनं न्हाय. तसं लिव्हा.”

त्यांनी तसं लिहिलं. सुरेख अक्षरात. ‘फिर्यादीने केलेल्या उताऱ्याअंती म्हैस पूर्ववत. तक्रार निकाली.’ आणि वर गोल शिक्का.

म्हणजे करणी झाली होती, हे आता शिक्क्यानिशी सिद्ध झालं. माझ्या घराण्यात पाच पिढ्या कुणाला हे जमलं नव्हतं.

शिवगंगानं दाखला दोनदा वाचला. ती रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “अहो, प्रयोग त्याच लिंबानं करायचा.”

“कुठल्या?”

“जप्त झालेल्या. दुसरं घेतलं तर म्हणतील, करणीचं लिंबू वेगळं होतं आणि शाळेचं वेगळं. ज्या लिंबाला भ्यालेत, तेच समोर ठेवते.”

मी परत चौकीत. हवालदार म्हणाले, मुद्देमाल असा हातात देता येत नाही. तो त्यांच्याबरोबरच येईल, आणि लाखेचं सील फिर्यादीसमक्षच फुटेल. अशा रीतीनं बुधवारी हायस्कुलाच्या आवारात आमची जी मिरवणूक शिरली तिच्यात पुढं शिवगंगा, मागं पुडकं हातात धरलेले हवालदार, त्यांच्यामागं डोक्यावर पदर घेतलेली धोंडुआक्का आणि शेवटी मी करणीसदृश. मला आत घेतलं नाही. मी खिडकीच्या गजांना धरून उभा राहिलो.

झेल

भाच्याचा ज्वालामुखी आधी झाला. फेस आला. समितीनं टाळ्या वाजवल्या. मी म्हणालोच होतो.

मग बसाप्पा अण्णांनी दाखला वाचला, चष्मा काढला आणि शिवगंगाकडं बघितलं. “उतारा झाला म्हणतीस?”

“म्हैस मिरचीनं शिंकली अण्णा, एवढंच झालं. बाकी दाखवते.”

हवालदारांनी सील फोडलं. कागद उलगडला. लिंबू जरा सुरकुतलं होतं, त्याचं काही नव्हतं. पण तीन दिवसांत कपाटातल्या उबेत हिरवी मिरची पिकली होती. लालभडक. आता दोन्ही मिरच्या लाल. वेग कुठला आणि त्वरण कुठलं, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. भाचा हसला. मी गज इतके घट्ट धरले की तळहाताला गंज लागला.

शिवगंगा धोंडुआक्काकडं वळली. “आक्का, एक हिरवी मिरची द्या.”

“मजजवळ कुठली?”

“तुम्ही ह्या लिंबासमोर रिकाम्या कनवटीनं येणार नाही, मला ठाऊक आहे.”

आक्कानं कनवट सोडली. आत एक लिंबू, चिमूटभर मीठ आणि दोन ताज्या हिरव्या मिरच्या निघाल्या. आमच्या लिंबाविरुद्ध आणलेला सगळा दारूगोळा. “घे बाई,” ती म्हणाली. “मिरचीला कोण न्हाय म्हणतंय?”

शिवगंगानं पिकलेली मिरची काढून तिच्या जागी हिरवी टोचली आणि लिंबू तळहातावर धरून हळूहळू वर नेलं. हिरवी टोक वर करून, लाल टोक खाली करून. “वर जातंय. वेग वर, ओढ खाली. म्हणून तर वर जाताना ते मंदावत जातं.” हात पूर्ण उंचावला. “हे टोक. इथं वेग संपला.” तिनं हिरवी मिरची काढून टेबलावर ठेवली. लिंबाला एकटी लाल मिरची, टोक खाली.

“लाल पण काढ की,” अण्णा म्हणाले. “थांबलं न्हवं? थांबलं म्हंजी समदं शून्य. आमी पण शिकलोय.”

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या. चेअरमनांना चूक म्हणायला नियमात तरतूद नव्हती.

“लाल काढली तर लिंबू तिथंच राहील, अण्णा,” शिवगंगा म्हणाली.

“कुठं?”

“वर.”

अण्णांनी वर बघितलं. सगळ्या समितीनं वर बघितलं. मीही खिडकीतून बघितलं. छताला एक पंखा होता आणि पाल होती.

“एवढ्याशानं न्हाय पटत मला,” अण्णा म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहायला वाकले. सहा वर्षं त्या पेनाच्या टोकावर होती.

तेवढ्यात धोंडुआक्का खुर्चीवरून उठली.

“अवो मालक! वरच ऱ्हायलं असतं तर माझी म्हस कशापायी बिथरली असती? चार लिटर दूध गटारात गेलं माझं! फुकट गेलं व्हय? टोकावर कोण वढत नव्हतं म्हणताय, मग गव्हाणीत काय चालत आलं ते?”

“नोंद हाय,” गुंडू हवालदार उभे राहून म्हणाले आणि पंचनामा पुढं धरला. “लिंबू वर गेलं. लिंबू खाली आलं. साडेचौदा फूट. सहीशिक्क्यानिशी.”

अण्णांनी पंचनामा वाचला. पुन्हा वर बघितलं. पुन्हा पंचनामा वाचला. गुळाचा सौदा करणारा माणूस मालावर बोट ठेवल्याशिवाय बोलत नाही. ते उठले, शिवगंगाच्या उंचावलेल्या हाताजवळ गेले आणि ती लाल मिरची बोटानं हलवून बघितली. पक्की होती.

“लाल ऱ्हाऊ दे,” अण्णा म्हणाले.

शिवगंगानं हिरवी मिरची पुन्हा टोचली, आता टोक खाली. “येताना दोन्ही खाली,” ती म्हणाली. “म्हणून वेग वाढत जातो.” आणि मग कुणी न सांगता तिनं ते लिंबू मिरच्यांसकट सरळ वर उडवलं. पंख्याच्या पात्याखाली चार बोटांवर ते थांबलं, परतलं, आणि तिनं ते एका हातात झेललं. बांगडीसुद्धा वाजली नाही.

“झेल बेस हाय पोरीचा,” धोंडुआक्का म्हणाली आणि टाळ्या वाजवायला लागली. आक्का टाळ्या वाजवतेय म्हटल्यावर हवालदारांनी वाजवल्या, मग मोठ्या बाईंनी, मग समितीनं. सेक्रेटरींनी सगळ्यांच्या शेवटी, पण वाजवल्या. मी गज सोडून दोन्ही हातांनी वाजवल्या, त्यामुळं ज्या कुंडीवर उभा होतो तिच्यावरून पडलो. हेही त्वरणच, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवारी कायम नेमणुकीचा आदेश आला. अण्णांच्या सहीचा, तारखेसह. आम्ही पेढे वाटले आणि पहिला धोंडुआक्काला दिला. तिनं तो म्हशीला अर्धा भरवला. त्या दिवसापासून गल्लीत कुणाच्या हातून कपबशी पडली, कौल सरकलं, दोरीवरचं धुणं खाली आलं, की आक्का ओट्यावरून ठासून सांगायची, “करणी न्हवं गं बायांनो. त्वरण हाय ते. खालीच असतंय.” आणि मला हाक मारताना ती राजू म्हणायची बंद झाली. त्वरणराव म्हणायला लागली. मी ते नाव मान खाली घालून स्वीकारलं, ताठ मानेनं मिरवलं.

ते लिंबू अजून हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत आहे. काळं पडलंय. लाल मिरची तशीच, टोक खाली.

रविवारी गच्चीवर ते लिंबू शिवगंगानं फेकलं होतं. मी झेलायला उभा होतो.